शेपटीतल्या नऊ करंड्या

परवा मी रामदासपेठेतल्या एका बारक्याशा चढावर माझी बायको सांडली. पाडली असं मुद्दामच म्हणत नाही, कारण पाडायला थोडा तरी वेग लागतो. झालं असं, की मृगाच्या बहराची संत्री बाजारात आली होती आणि दरवर्षीप्रमाणे मला हाव सुटली होती. स्टेशनजवळच्या संत्रा बाजारातून अख्खी करंडी घेतली, स्कूटरच्या मागच्या कॅरिअरला सुतळीनं आवळली, आणि करंडी न् मी यांच्यामध्ये सुमनला बसवलं. लग्नात होती तेवढीच ती आजही आहे, असा माझा एक समज आहे. घरात शांतता राहावी म्हणून मी तो जपून ठेवलाय. चढावर गाडी मंदावली, मी गिअर उतरवून क्लच सोडला, आणि पुढचं चाक टांग्याच्या घोड्यासारखं वर उठलं. करंडी सुटली. करंडीवरून सुमन मागं घसरली आणि रस्त्यावर बसती झाली. मी मात्र हँडल घट्ट धरून उभा, जसं काही गाडी मीच वाचवली.

संत्री उतारावरून आरामात चालली होती. चौकातल्या हवालदारानं दोन उचलली, एक परत दिलं आणि मला म्हणाला, "काय भाऊ, वहिनीले बी मागं अन् संत्रे बी मागं? समोर काही ठेवाचं असते ना!"

सुमन उठली, लुगड्याची धूळ झटकली, गुडघा चाचपला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही विमानाची वजनं लिहायचे ना? त्यांनी तुम्हाला ठेवलं कसं?"

हवालदार हसला. मीही हसलो. हसू तोंडावर तसंच राहिलं, खाली उतरलं नाही.

फाल्गुन लागला की नागपूरला एक वेगळाच वास येतो. पावसात फुललेला बहर या दिवसांत हाती येतो आणि काटोल, कळमेश्वरकडून बैलगाड्या, ट्रक भरभरून फळ येतं. बाजारात पायाखाली करंड्यांतलं तणस आणि सालं. गच्चीवर सालं वाळत टाकलेली. पोरांची बोटं पिवळी, वह्यांची पानं पिवळी. ऊन अजून अंगावर यायला लागलेलं नसतं, पण दुपारी बारानंतर ते दारात उभं असल्याचं समजतं. या वासानं लोकांना लहानपण आठवतं म्हणे. मला पत्र्याची शेड, लोखंडी वजनकाटा आणि गुलाबी कागदाचं पॅड आठवतं. आठवतं एवढंच. त्याच्यासोबत जे वाटायला पाहिजे, ते वाटत नाही. वीस वर्षं झाली, अजून नाही.

मी पंचविशीत होतो. आम्ही पराते, महालातले विणकर. बाप मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा तो जेवायलाच वर यायचा. मला सोनेगावच्या विमानतळावर नोकरी लागली तेव्हा त्याला आनंद झाला, पण नोकरी कसली हे त्याला समजेना. मी म्हटलं, विमानात किती वजन चढलं, कुठं चढलं, ते मी कागदावर लिहितो. बापानं धोटा थांबवून विचारलं, "म्हणजे तू काटेवाला झाला?"

मी चिडून म्हटलं, "ट्रॅफिक असिस्टंट."

"तेच तं म्हणून राहिलो," बाप म्हणाला आणि धोटा फेकला.

कंपनी खाजगी होती, आता तिचं नावही कोणाला आठवत नसेल. दोन जुनी डकोटा विमानं. रायपूरकडे तेव्हा कारखाने उभे राहत होते आणि तिकडचे इंजिनीअर, त्यांचे सुटे भाग, कधी त्यांच्या सासवा, असं सगळं आम्ही ने-आण करत होतो. डकोटा ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो: हे विमान जमिनीवर बसतं ते कुत्र्यासारखं, पुढून उंच, मागून टेकलेलं. दार मागच्या अंगाला. आत शिरलं की वैमानिकाच्या जागेपर्यंत चढ चढावा लागतो. प्रवासी दोन्हीकडच्या खुर्च्या धरत धरत वर जायचे, देवीच्या टेकडीवर निघाल्यासारखे.

त्या काळी मी लिहायचो त्या कागदाला लोडशीट म्हणायचे. माणशी ठरावीक वजन धरायचं, मग तो पैलवान असो की नुकताच विषमज्वरातून उठलेला. सामान काट्यावर तोलायचं, पुढं किती, मागं किती हे लिहायचं, बेरीज करायची. विमानाला नुसतं वजन किती हे कळून भागत नाही, ते कुठं आहे हे कळावं लागतं. शेपटी जड झाली तर नाक वर जातं आणि खाली येत नाही. वैमानिक त्या कागदावर भरवसा ठेवूनच यंत्रं लावतो. शेवटी कॅप्टन सही करतो. सही झाली की विमान त्याचं.

आता करंड्यांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यातच आहे.

आमच्याकडे एक रीत होती. कुणी घातली ते माहीत नाही. संत्र्याचे दिवस आले, की इथल्या माणसांनी तिथल्या माणसांना करंडी पाठवायची. इथला लोडर तिथल्या लोडरला, इथला मेकॅनिक तिथल्या मेकॅनिकला, मॅनेजर मॅनेजरला. तिकडून मग पोहे यायचे, सुवासिक तांदूळ यायचा. या करंड्या काट्यावर जात नव्हत्या. भेट कोणी तोलतं का? आणि भेट म्हणून कागदावरही नव्हत्या. प्रत्येकजण एकच वाक्य बोलायचा, "एक करंडी, तिचं काय वजन होते?" खरंच होतं ते. एका करंडीचं काही होत नाही. आम्ही सात जण होतो आणि सातही जण एकेका करंडीबद्दल खरं बोलत होतो, दुसरी चढवतानाही.

त्या ठेवायच्याही मागंच. आमचा लोडर तुळशीराम, माणूस दांडगा पण तो चढ चढून करंडी पुढं न्यायचा त्याला कंटाळा. शिवाय रायपूरला दार उघडल्याबरोबर त्या आधी बाहेर काढायच्या असत, साहेबलोक उतरायच्या आत. म्हणून दारापाशी, अगदी शेपटीत, तणस घालून रचलेल्या.

त्या साली माझी सोयरीक रायपूरला ठरली होती. मुलगी म्हणजे ही सुमन. लग्न वैशाखात. भावी सासऱ्यांनी पत्रात सहज लिहिलं होतं, की इकडे नागपूरसारखं संत्रं पाहायला मिळत नाही. ते सहज होतं हे मला आज कळतं. तेव्हा मला तो हुकूम वाटला. मी एक सोडून दोन करंड्या घेतल्या. वरचा थर मी स्वतः निवडला, एकेक फळ धोतराच्या सोग्यानं पुसून, देठ वर करून. आयुष्यात इतकं मन लावून मी दुसरं काही काम केलं नाही. लोडशीट तर नाहीच.

कॅप्टन भोयर आमच्याच भागातला माणूस. शेतकऱ्याच्या घरचा, बाप काटोलकडे संत्र्याच्या बागेत राबणारा, आणि पोरगा विमान उडवतो. गावचे लोक त्यांना भेटायला विमानतळाच्या कुंपणाशी येऊन उभे राहत. कॅप्टनसाहेब म्हणून कडक, पण आमच्याशी बोलताना "काय गा" म्हणून बोलणार. शनिवारी क्लबात बसायचे, दोन पेग घ्यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. उड्डाणाच्या आदल्या दिवशी शिवायचे नाहीत, हे आम्हाला माहीत होतं.

त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारचे बारा वाजायला आले होते. धावपट्टीवर हवा हलत होती, लांबचं कुंपण पाण्यात असल्यासारखं दिसत होतं. मी लोडशीट घेऊन विमानापाशी गेलो. कॅप्टन म्हणाले, "बरोबर हाय ना गा, पराते?"

मी म्हटलं, "बरोबर आहे सर."

टेबल नव्हतं. त्यांनी मला फिरवलं, माझ्या पाठीवर कागद ठेवला आणि सही केली. शर्टातून पेनाचं टोक टोचलं. मग ते मागच्या दारानं आत शिरले.

विमान धावलं. शेपटी उठायला पाहिजे तिथं उठली नाही. मग एकाएकी सगळं विमान उठलं, फार लवकर, नाक आभाळाकडे करून, आणि तिथं एक क्षण टांगल्यासारखं राहिलं. तुळशीराम माझ्या बाजूला उभा होता. तो म्हणाला, "आता जाते." विमान गेलं नाही. कॅप्टननी इंजिनं बंद केली असावीत, आवाज एकदम तुटला. विमान परत खाली आदळलं, पट्टी संपवून पलीकडच्या शेतात गेलं, एक चाक मोडलं, पंख जमिनीला लागला, आणि ते अर्धं वळून बसलं.

कुणी मेलं नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं. तरण्या को-पायलटचं गळ्याजवळचं हाड मोडलं. एका इंजिनीअरचे पुढचे दोन दात गेले. बाकी सगळे स्वतःच्या पायानं उतरले, काहीजण तर पेटी घेऊन.

आम्ही पळत गेलो. दार उघडून लोंबत होतं, आणि त्यातून संत्री बाहेर येत होती. गव्हाची कापणी झालेल्या त्या शेतात धसकटांमध्ये जिकडेतिकडे संत्री. मला वाटलं होतं, अशा वेळी माणूस ओरडतो, रडतो, निदान देवाचं नाव घेतो. मी खाली वाकलो, एक उचललं, सोललं आणि खाल्लं. गोड होतं. माझ्या करंडीतलं असावं. दुसरंही खाल्लं. माझ्या पुढ्यात बंबवाले होते, ते खात होते. दात पडलेला इंजिनीअर जखमेवर रुमाल धरून बसला होता, त्याला तुळशीरामनं फोडी करून दिल्या. उरलेलं फळ त्यानं करंड्यांसकट शेडमध्ये नेलं, आणि दिल्लीहून चौकशीचे साहेब दोन दिवसांनी येईपर्यंत शेडमध्ये सालही नव्हतं. लोक पुरावा जाळतात, पुरतात, नदीत टाकतात. आम्ही तो खाल्ला.

शेडमध्ये त्याच संध्याकाळी आम्ही सातजण बसलो. तुळशीराम माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबू, आपण सात घरं आहो. सायबाले दुसरी नोकरी भेटून जाईन. आपल्याले कोण उभं करते?"

मी मान हलवली. मला त्या वेळी वैशाख दिसत होता, रायपूर दिसत होतं. नोकरी गेलेल्या काटेवाल्याला पोरगी कोण देतो? भीती वाटली असं म्हणालो तर माझं जरा बरं दिसेल. पण भीतीही धड वाटली नाही. जेवण झाल्यावर हात जड होतो, तसं सगळं अंग जड होतं, इतकंच.

को-पायलटला पाहायला मी दवाखान्यात गेलो. बंगाली मुलगा, कॅप्टन भोयरांबरोबरचं त्याचं तिसरंच उड्डाण. खांदा बांधलेला. हिंदीत म्हणाला, "करंड्या मी पाहिल्या होत्या. त्यांनीही पाहिल्या. मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं. मला वाटलं, ते कॅप्टन आहेत, ते बोलतील." मग छताकडे पाहत म्हणाला, "त्यांना कदाचित वाटलं असेल, याला खटकलं असतं तर हा बोलला असता." चौकशीत तोही बोलला नाही. त्याला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची त्याची अजून पायरी नव्हती.

माझी पाळी आली. साहेबांनी लोडशीट पुढं सरकवली. "हे तुमचं अक्षर?" हो. "हे बरोबर आहे?" मी म्हटलं, मला जे वजन दिलं गेलं, ते मी लिहिलं. वाक्य इतकं गुळगुळीत होतं की मलाच नवल वाटलं. कॅप्टन भोयर बाजूच्या बाकावर बसले होते. त्यांना विचारलं, वजनाबद्दल काही म्हणायचंय? ते म्हणाले, "शीट बरोबर होतं. विमान माझ्या हातात होतं."

अहवालात एक ओळ आली: वैमानिकाची चूक. नाक वेळेआधी उचललं. भोयरांचं लायसन गेलं. वर्षभरात कंपनीही बंद पडली, पण तोवर आम्ही सातही जण दुसरीकडे चिकटलो होतो.

तुळशीरामचं एक बरोबर निघालं, सात घरं उभी राहिली. पण सायबाले दुसरी नोकरी भेटली नाही. कारण त्या एका ओळीचा नागपूरनं आपल्या परीनं अर्थ लावला. सीताबर्डीच्या पानठेल्यावर मी माझ्या कानांनी ऐकलं. "वैमानिकाची चूक म्हणजे काय गा? पिऊन असन, दुसरं काय!" "शनिवारी पेते म्हणते तो." "शनिवारी काय, शुक्रवारपासूनच चालू करत असन." आणि हशा. ठेलेवाल्यानं मला विचारलं, "तुमी तं तिथंच होते ना, भाऊ? पिऊन होता काय?"

मी त्या वेळी सुपारी निवडत होतो. म्हटलं, "आपल्याला काय माहीत."

करंड्यांबद्दल मी गप्प बसलो, त्याला निदान सात घरांचं कारण होतं. या तीन शब्दांना काहीच कारण नव्हतं. नाही म्हटलं असतं तरी माझं काही जात नव्हतं. तो माणूस पिऊन नव्हता. त्याचा श्वास मला माहीत होता, सही करताना तो माझ्या मानेवर होता. पण त्या दिवसांत माझ्या तोंडातून काही निघायचंच नाही, आणि जे निघायचं ते असं.

लग्न झालं. सासूबाईंचं एक म्हणणं अजून आहे, की जावई तसे चांगले, पण संत्र्याच्या गावचे असून लग्नाआधी एक फळ कधी पाठवलं नाही. वीस वर्षं मी ते मान खाली घालून ऐकतो. दोन करंड्या पाठवल्या होत्या, वरचा थर पुसून, हे सांगायला गेलो तर पुढचं सगळं सांगावं लागतं.

तर सुमनचा गुडघा. घरी आल्यावर मी हळद गरम केली आणि तिच्या पायाशी बसलो. दुपार होती, मुलगी कॉलेजात गेली होती. सुमन अजून चौकातल्याच फिरकीत होती. म्हणाली, "खरंच सांगा, तिथं कधी काही चुकलं नाही तुमचं?"

आणि मी सांगितलं. हळद लावता लावता, वर न पाहता, जसं आत्ता सांगितलं तसंच. करंड्या, पाठीवरची सही, शेड, पानठेला. तिला कॅप्टन भोयरांबद्दल एवढंच माहीत होतं, की ते पिऊन विमान उडवायचे. हेही तिला माझ्याच घरात समजलं होतं, आणि मी दुरुस्त केलं नव्हतं.

तिनं हळदीची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आईला सांगायला पाहिजे, दोन करंड्या होत्या म्हणून."

मी म्हटलं, "तेव्हा बोललो असतो तर आपलं लग्न मोडलं असतं. हो ना?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. बायका अशा वेळी नाही म्हणतात. ती म्हणाली, "मोडलं असतं. बाबांनी बिननोकरीच्या माणसाला दिली नसती." मग पाय माझ्या हातातून काढून घेतला. "पण ते झालं आता. भोयर कुठं राहतात?"

कुठं राहतात हे मला ठाऊक होतं. काटोल रोडवर त्यांची मोटार शिकवायची शाळा आहे. बस तिथून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहायचो. तिकडे पाहण्यासारखं काही नाही, एक लांब भिंत आहे. ती भिंत मला पाठ आहे.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही बसनं गेलो. स्कूटर दुरुस्तीला, आणि सुमनचा तिच्यावर विश्वास राहिला नव्हता. घर बैठं, दोन खोल्यांचं. समोर एक जुनी काळी मोटार, आत चष्मा लावलेली एक मास्तरीणबाई चाकाशी बसलेली. कॅप्टन भोयर खिडकीशी वाकून उभे. केस सगळे पांढरे, पाठ मात्र तशीच ताठ. बाई पाढे म्हटल्यासारखं म्हणत होत्या, "आरसा पाहिला, दारं लावली, हँडब्रेक ओढलेला आहे, गिअर न्यूट्रल."

"अन् डिक्की?"

"डिक्कीत काही नाही, सर."

"पाहिली?"

"नाही."

"मंग काही नाही हे कसं समजलं वं तुले? उतर. उघड. हात घालून पाहा."

बाई उतरल्या. मी फाटकातच थांबलो. सुमननं मागून मला ढकललं.

त्यांनी ओळखलं. म्हणाले, "पराते ना? कान तेच आहेत." आत नेलं. भोयरवहिनी पुढं आल्या, बारीक, गोऱ्या, फारसं न बोलणाऱ्या. सुमनला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मधे फक्त एक पडदा. कॅप्टन खुर्चीवर बसले, मी पलंगाच्या कडेवर. भिंतीवर विमानाचं चित्र असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं. कॅलेंडर होतं, खताच्या कंपनीचं.

मी बसमध्ये बरंच काही जुळवून आणलं होतं. ते सगळं गेलं आणि एका दमात जे आलं ते आलं. "सर, त्या दिवशी शेपटीत नऊ करंड्या होत्या. दोन माझ्या होत्या. शीटवर एकही नव्हती. मी बरोबर आहे म्हणालो, ते खोटं होतं. तुम्ही पिऊन नव्हता हे मला माहीत होतं, आणि लोक बोलले तेव्हा मी गप्प राहिलो."

"एवढ्या जोरानं काहून बोलून राहिला गा? मी बहिरा नाही झालो." मग ते खिडकीबाहेर, मोटारीकडे पाहत राहिले. मास्तरीणबाई डिक्कीतून एक जुना टायर काढत होत्या. "मोजल्या होत्या मी. आत चढताना. नऊ."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"सोमवारी सात होत्या. बुधवारी आठ. आठ घेऊन उडालं, म्हणून नऊ चढल्या. त्याच्या आदल्या हप्त्यात पाचच होत्या. मी म्हटलं, जाते. रोज जाऊनच राहिलं होतं. संत्रेच तं आहेत, दगड थोडीच आहेत." त्यांनी पाय थोडा उचलून दाखवला. "असं ओलांडून गेलो. ओलांडलं ते मी, गा."

"नववी माझी होती सर. मी एकच आणणार होतो."

"नववी कोणती, हे कोण सांगन? सगळ्याच नवव्या." ते जरासे हसले. "तू रात्रंदिवस हेच मोजत बसला काय?"

नाही, असं खरं उत्तर होतं. मी मोजत बसलो नव्हतो. मी भिंत पाहत बसलो होतो. मी विचारलं, "मग चौकशीत सांगितलं का नाही?"

"काय सांगू? की मी पाहिल्या, मोजल्या, बाजूच्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं, त्यालेही दिसून राहिलं होतं, अन् तरी उडवलं? माहीत नव्हतं म्हणावं तं खोटं. माहीत होतं म्हणावं तं अजून वाईट. अन् तुम्ही सातजण होते." त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली. "ते तेव्हा मनात आलं होतं का मागून आलं, आता नाही आठवत. मागून आलं असन. मागून माणूस आपल्याले चांगलाच दिसते."

"आणि लोक पिण्याचं म्हणायचे, ते?"

"म्हणो." त्यांनी गुडघे चोळले. "पेत नव्हतो म्हणावं, तं मंग काय झालं तेही सांगा लागते. कोणी समोर बसून विचारलं असतं, तं सांगितलं असतं. विचारलं नाही कोणी. लोक विचारत नाहीत, गा, लोकाले माहीतच असते."

बाहेर हॉर्न वाजला. मास्तरीणबाई परत चाकाशी बसल्या होत्या. कॅप्टन उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल, त्यांच्या किंवा माझ्या. कोणाच्याच आलं नाही. ते म्हणाले, "चल. तिले गाडीत पाणी आहे का नाही तेही पाहाचं शिकवा लागते," आणि चपला घालून निघून गेले.

सुमन पडद्यामागून बाहेर आली. वहिनी आल्या नाहीत. आम्ही दारात थोडं रेंगाळलो, निरोप घ्यायला कोणी येईल म्हणून. मग निघालो.

बसथांब्यावर सावली नव्हती. रस्त्याच्या पलीकडे ती माझी भिंत. मी ती पहिल्यांदा या बाजूनं पाहत होतो, काही विशेष नव्हती. आत चाचपून पाहिलं, हलकं वाटतंय का. कॅप्टनना सगळं माहीत होतं, म्हणजे माझ्या वाट्याचं कमी झालं, असा मी मनात हिशोब मांडला, तो बरोबरही आला, आणि तरी काही वाटलं नाही. भूक तेवढी लागली होती. सुमन ओठ मिटून उभी होती. मला शांतता सोसत नाही, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "एवढ्या उन्हात आलो, वीस वर्षांनी आलो, आणि त्या घरानं साधा चहा विचारला नाही. राग गेला नाही म्हणायचा अजून."

सुमन रस्त्याकडे पाहत होती. बस दिसत होती लांबून, पण ती बसकडे पाहत नव्हती.

"चहा टाकला होता," ती म्हणाली. "तुमचं बोलणं आत सगळं ऐकू येत होतं. वहिनींनी मला विचारलं, 'म्हणजे त्या दिवशी हे पिऊन नव्हते?' मी म्हटलं, नव्हते. मग त्या खाली बसल्या. चहा उतू गेला, स्टोव्ह विझला, तरी उठल्या नाहीत. म्हणून चहा झाला नाही."